दुसऱ्या दिवसाचा फोन : दिवस राहण्यासाठी उपचार सुरू करताना

क्लिनिकच्या बाकावर एक वेगळीच बोली चालते. ‘माझा आज नववा दिवस.’ ‘माझं अठराचं झालंय, उद्या-परवा फुटेल.’ ‘हिचं चौदालाच अडकलंय बघ.’ पहिल्यांदा गेले तेव्हा मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. नववा दिवस म्हणजे पाळीचा नववा, आणि अठरा म्हणजे अंडाशयातल्या पिशवीचं मिलिमीटरमधलं माप, हे शेजारी बसलेल्या बाईने सांगितलं. तिची चौथी खेप होती. डॉक्टरांआधी मला शिकवलं ते तिने.

पुण्यात कर्वे रोडच्या एका गल्लीतल्या त्या बाकावर मी तीन वर्षं बसले. शेवटी काय झालं ते मुद्दाम सांगणार नाही. असा लेख हातात आला की मी आधी शेवटचा परिच्छेद वाचायचे : हिला झालं का? झालं असेल तर पोटात खड्डा पडायचा, नसेल तर हातपाय गळायचे. माझ्या अंडाशयांना मात्र दोन्हीचं सोयरसुतक नव्हतं. तेव्हा शेवट बाजूला ठेवू. तुम्ही ‘चान्स घेतोय’ म्हणायला लागला असाल आणि आता डॉक्टरकडे जावं का अशा विचारात असाल, तर सुरुवात कुठून करायची ते सांगते.

आधी महिने मोजा

लग्नाला किती वर्षं झाली हा आकडा नातेवाइकांसाठी असतो. डॉक्टरांना हवे असतात ते महिने, कुठलंही साधन न वापरता नियमित संबंध ठेवल्याचे. बाईचं वय पस्तिशीच्या आत असेल तर बारा महिने थांबायचं, पस्तिशी ओलांडली असेल तर सहाच. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, आधी नळ्यांचं (म्हणजे गर्भनलिकांचं) किंवा अंडाशयाचं ऑपरेशन झालं असेल, पाळीत उठता-बसता येणार नाही इतकं दुखत असेल किंवा नवऱ्याला लहानपणी अंडकोशाचा काही त्रास झालेला असेल, तर मुळीच थांबायचं नाही.

आता या प्रकरणातला मला सगळ्यात दिलासा देणारा हिशोब. वय चाळीसच्या आत असेल तर शंभरातल्या ऐंशीहून जास्त जोडप्यांना पहिल्या वर्षात दिवस राहतात. जे उरतात त्यातल्या साधारण निम्म्यांना दुसऱ्या वर्षात राहतात. अगदी धडधाकट तरुण जोडप्यालाही एका महिन्यातली शक्यता शंभरात वीस-पंचवीसच असते. म्हणजे सगळं नीट असूनही बहुतेक महिने कोरेच जाणार. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर चौथ्याच महिन्यात मी स्वतःला वांझ ठरवून रडले नसते.

नोंद ठेवायची ती एवढीच : पाळीचा पहिला दिवस. अंडं बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. त्यामुळे अठ्ठावीस दिवसांच्या पाळीत चौदाव्या दिवसाच्या आसपास, बत्तीसच्या पाळीत अठराव्या. अंडं जगतं जेमतेम एक दिवस, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून कामाचे दिवस ते पाच आणि अंडं फुटण्याचा तो एक, असे सहा. त्यासाठी घड्याळ लावून ‘आज रात्री आहे बरं का’ असा फतवा काढायची गरज नाही. महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी एकत्र आलात तरी ते सहा दिवस आपोआप सापडतात, आणि नवरा-बायकोचं नातंही शाबूत राहतं. मी फतवे काढलेत, म्हणून सांगते.

नोंद कुठे ठेवायची ते मात्र बघा. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल टिकल्या केल्या होत्या. सासूबाईंनी एकदा भोळेपणाने विचारलं, ‘अगं, दूधवाला महिन्याला पाच-पाच खाडे करतो?’ त्यानंतर मी फोनमध्ये लिहायला लागले.

आणि आजपासून फॉलिक ॲसिड. रोज 400 मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून. मधुमेह किंवा फिटचं औषध चालू असेल तर डोस डॉक्टरांना विचारून. आहाराबद्दल याहून जास्त सांगत नाही, सांगायला लोक टपलेलेच असतात.

डॉक्टर कसा ओळखायचा

आमचे पहिले डॉक्टर स्वभावाने फार गोड होते. ‘होईल हो, टेन्शन घेऊ नका, फिरून या महाबळेश्वरला.’ सात महिने त्याच गोळ्या दिल्या. एकदाही सोनोग्राफी करून अंडं वाढतंय का ते पाहिलं नाही, नवऱ्याची तपासणी सांगितली नाही. दर महिन्याला मी हसत बाहेर पडायचे आणि अठ्ठावीस दिवसांनी कोसळायचे. गोड बोलणं म्हणजे आधार नव्हे, हे कळायला मला सात महिने लागले. तिशीनंतर सात महिने म्हणजे थोडेथोडके नाहीत.

दुसऱ्या मॅडम मोजकंच बोलायच्या. पहिल्याच भेटीत केसपेपरच्या मागच्या बाजूला त्यांनी लिहिलं : ‘या महिन्यात दोघांच्या तपासण्या. मग तीन महिने गोळ्या आणि फॉलिक्युलर स्टडी. नाही राहिलं तर आययूआय, तीन वेळा. नाही तर परत बसून बोलू.’ (फॉलिक्युलर स्टडी म्हणजे अंडं कसं वाढतंय ते सोनोग्राफीने बघत राहणं, आययूआय म्हणजे शुक्राणू बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडणं.) तो कागद मी अजून जपून ठेवलाय. त्यात ‘नक्की होईल’ असं कुठेच नव्हतं, तरी त्या रात्री कित्येक महिन्यांनी मला शांत झोप लागली. मूल कधी होईल हे मॅडमना माहीत नव्हतं, पण एप्रिलमध्ये काय करायचं आणि मेमध्ये काय, हे आता मला माहीत होतं.

म्हणून पहिल्या भेटीत विचारायचा प्रश्न हा : ‘हे किती महिने करायचं, आणि नाही झालं तर पुढे काय?’ जो डॉक्टर यावर चिडत नाही, तारखांच्या भाषेत उत्तर देतो आणि बोलताना तुमच्याकडेच नाही तर नवऱ्याकडेही बघतो, तो तुमचा. आणखी दोन प्रश्न विचारा. रात्री-बेरात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? आणि आयव्हीएफचा, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून आत सोडण्याचा, विषय निघाला तर, माझ्या वयाच्या शंभर बायकांपैकी किती जणींच्या हातात बाळ आलं? ‘पॉझिटिव्ह’ किती आले ते नको. पॉझिटिव्ह आणि पाळणा यांच्यात बरंच अंतर असतं.

पुण्यात डॉक्टरांना तोटा नाही, उलट जास्तीचाच गोंधळ आहे. हडपसरहून औंधला ‘नावाजलेल्या’कडे जायच्या आधी एक लक्षात घ्या : फॉलिक्युलर स्टडी म्हणजे आठ-दहा दिवसांत चार-पाच खेपा, बहुतेक सकाळी, ऑफिसच्या आधी. घराजवळचं, नाहीतर ऑफिसच्या वाटेवरचं क्लिनिक बघा. वनाज ते रामवाडी मेट्रोच्या वाटेवर कुठे मिळालं तर रजा वाचतात. खर्चाची अडचण असेल तर ससूनची किंवा मंगळवार पेठेतल्या महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयाची स्त्रीरोग ओपीडी आहे. सुरुवात तिथे केसपेपर काढूनही करता येते. रांग मोठी असते, डबा बरोबर न्या.

आययूआय किंवा आयव्हीएफ करणारं केंद्र 2021 च्या कायद्याखाली नोंदलेलं असावं लागतं. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नका. याच कायद्याने बाईसाठी एकवीस ते पन्नास आणि पुरुषासाठी एकवीस ते पंचावन्न ही वयाची चौकट घातली आहे. आणि ‘मुलगाच हवा असेल तर सोय आहे’ असं कुणी कुजबुजलं, तर फाईल उचलून सरळ बाहेर पडा. 1994 च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि असा माणूस बाकीच्या गोष्टींत प्रामाणिक असेल यावर माझा विश्वास नाही.

तपासण्या दोघांच्या, एकाच महिन्यात

जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीने असतं. तरी आपल्याकडे आधी बाईच्या नळ्या, बाईचं रक्त, बाईची दुर्बीण, आणि शेवटी कधीतरी नवऱ्याला ‘तुम्हीही एकदा करून टाका’. क्रम उलटा करा. पुरुषाची तपासणी सर्वांत स्वस्त, बिनदुखण्याची आणि एका दिवसात होणारी. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे. नमुना लॅबमध्येच दिलेला बरा. घरून न्यायचा तर शरीराजवळ उबेत ठेवून तासाभराच्या आत पोचवायचा असतो. हिंजवडीहून संध्याकाळी सहाला निघून तासात कोथरूड गाठेन म्हणणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार.

रिपोर्ट आला की इंटरनेटवर जुने आकडे बघून घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मापानुसार एका मिलिलिटरला एक कोटी साठ लाख शुक्राणू, शंभरात बेचाळीस हलणारे आणि शंभरात चार नेटक्या आकाराचे, ही खालची मर्यादा आहे. होय, चार. ‘नॉर्मल फक्त पाच टक्के’ वाचून माझा नवरा दोन दिवस जेवला नव्हता. कमी आलं तरी एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही, तपासणी पुन्हा करायची. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. म्हणजे आज तंबाखू, गुटखा, सिगारेट सोडली तर फळ तीन महिन्यांनी दिसणार. जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असेल तर ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. त्याने दंड फुगतात आणि शुक्राणू बनायचे थांबतात.

बाईच्या तपासण्यांत वेळापत्रक महत्त्वाचं. एफएसएच, एलएच ही हार्मोन्स पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि एएमएच कुठल्याही दिवशी चालतात. एएमएच हा आकडा बायकांना उगाच रडवतो. अंडी साधारण किती शिल्लक आहेत याचा तो अंदाज आहे. ती चांगली आहेत की नाहीत, आणि या महिन्यात दिवस राहतील की नाही, हे तो सांगत नाही. रुबेलाची प्रतिकारशक्ती आणि थॅलेसेमियासाठीची रक्ततपासणी आत्ताच उरकून घ्या. रुबेलाची लस घ्यावी लागली तर पुढे महिनाभर चान्स घेता येत नाही, मग तो महिना आत्ताच गेलेला बरा.

नळ्यांची तपासणी, म्हणजे एचएसजी, पाळी थांबल्यावर आणि अंडं फुटण्याआधी करतात. दुखतं का? हो, काही जणींना पाळीच्या कळांसारखं, काहींना त्याहून जास्त. आधी कोणती गोळी घ्यायची ते विचारून ठेवा आणि बरोबर कुणालातरी न्या. मी एकटी गेले आणि परतताना रिक्षावाल्या काकांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. नळ्या बंद निघाल्या तर क्षयाची शंका घेतली जाते. आपल्याकडे गर्भाशयाचा टीबी नळ्या खराब होण्याचं नेहमीचं कारण आहे, आणि खोकला नसतानाही तो असतो. ऐकून दचकू नका, घरात लपवू नका, तपासून घ्या.

महिना सुरू

पीसीओडी असेल, म्हणजे अंडं वाढून फुटायचंच राहत असेल आणि पाळी लांबत असेल, तर बहुतेक वेळा लेट्रोझोलपासून सुरुवात होते. गोळीचं नाव शोधलंत की ‘स्तनाच्या कर्करोगावरचं औषध’ असं येईल. खरंच ते मुळात त्यासाठी आलं. इथे ते थोडेच दिवस, अंडं वाढवण्यासाठी देतात. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरल्यानेही काही जणींची पाळी आपली आपण रुळावर येते. सत्तर किलोच्या बाईला म्हणजे साडेतीन ते सात किलो. तळजाई किंवा वेताळ टेकडी रोज चढा, पण ‘बारीक झालीस की होईल’ म्हणणाऱ्यांसाठी चढू नका.

मग नवव्या-दहाव्या दिवसापासून सोनोग्राफी. पिशवी अठरा-वीसची झाली की फुटण्याचं इंजेक्शन, आणि त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी अंडं बाहेर. आययूआय असेल तर त्याच सुमाराला. त्यात दर खेपेला यश शंभरात साधारण दहा-पंधराच जणींना येतं. आधी सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पहिली खेप वाया गेली की ‘आपलंच काहीतरी वाईट आहे’ असं वाटत नाही. आयव्हीएफ बहुतेक ठिकाणी लाखाच्या पुढे जातं. इंजेक्शनं, भूल, गर्भ गोठवून ठेवणं हे त्या आकड्यात आहे की वेगळं, ते लेखी मागा. कंपनीच्या विम्यात कधीकधी यासाठी तरतूद असते, एचआरला एक मेल टाकून बघा.

इंजेक्शनांनंतर पोट एकदम फुगलं, धाप लागली, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर ओटीपोटात एका बाजूला सणकून दुखलं, चक्कर आली, तरीही तेच. तो रात्री-बेरात्रीचा नंबर यासाठीच घेऊन ठेवायचा.

वाट बघायचे चौदा दिवस

हे सगळ्यात अवघड. छाती जड वाटते, मळमळतं, आणि तुम्ही मनात बारसं मांडता. यातली बरीच लक्षणं गर्भ रुजायला मदत म्हणून दिलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांची असतात, त्यांच्यावर नावं ठेवत बसू नका. फुटण्याचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याचाच अंश लघवीत दहा-बारा दिवस उतरू शकतो, आणि घरची टेस्ट खोटी ‘दोन रेघा’ दाखवते. दिलेल्या तारखेआधी टेस्ट करू नका. किट घरात आणूच नका, मेडिकलवाला कुठे पळून जात नाही.

चाललं तरी चालतं, जिना चढला तरी चालतं. पाय वर करून झोपल्याने काही जास्त होतं असं दिसलेलं नाही, आणि सिंहगड रोडच्या खड्ड्यातून रिक्षा गेली म्हणून गर्भ निसटत नाही. काढा, फलघृत, नवस, सोळा सोमवार यातलं काही चालू असेल तर असू दे. फक्त पोटात जाणारं काहीही डॉक्टरांना वेष्टनासकट दाखवा.

आता ते ‘टेन्शन घेऊ नकोस, मग होईल’. या वाक्याने माझा जितका छळ केला तितका सुईनेही केला नाही. टेन्शन आलं की टेन्शन आल्याचं टेन्शन यायचं. 2011 साली 14 अभ्यास एकत्र करून 3,583 बायकांची माहिती तपासली गेली. आयव्हीएफसारख्या उपचाराआधी मन खचलेलं होतं म्हणून त्या खेपेचं यश कमी झालं, असं काही त्यात आढळलं नाही. म्हणजे तुम्ही रडलात म्हणून गर्भ रुजायचा राहत नाही. हसरं राहणं हा उपचाराचा भाग नाही. आशा लागते ती एवढ्याचसाठी की पुढच्या पाळीला परत त्या बाकावर जाऊन बसता यावं. त्याला पंधरा मिनिटांपुरती आशा पुरते. ती सुद्धा नसेल, झोप-जेवण उडालं असेल, तर समुपदेशक विचारा. मॅडमनी मला स्वतःहून नाव दिलं होतं, आणि ‘आधार देणारा डॉक्टर’ यात मी हेही धरते.

लोक

नियम एकच : ज्याचे नातेवाईक, त्याने सांगायचं. सासरकडच्यांना नवऱ्याने, माहेरी तुम्ही. वाक्य ठरवून ठेवा. ‘डॉक्टरांकडे चालू आहे, काही असलं तर आम्हीच फोन करू.’ पुढच्या प्रश्नालाही हेच वाक्य. चौथ्यांदा माणूस हवापाण्यावर येतो. डोहाळजेवणाला, बारशाला जावंसं वाटत नसेल तर जाऊ नका. आधी फोन करून अभिनंदन करा, पाकीट नवऱ्याबरोबर पाठवा. मी माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला गेले नाही. वर्षभराने तिला कारण सांगितलं, तर ती म्हणाली, ‘ताई, मला माहीत होतं.’

2018 मध्ये पुण्यात प्रत्यारोपण केलेल्या गर्भाशयातून मुलगी जन्मली, ते गर्भाशय आजीचं होतं. ही बातमी मला किमान सहा जणांनी पाठवली, वर ‘बघ, सगळं शक्य आहे!’ माझं गर्भाशय उत्तम होतं हो. लोकांचा हेतू चांगला असतो. उत्तर म्हणून नमस्काराचे दोन हात पाठवायचे आणि फोन पालथा ठेवायचा.

थांबायचं कुठे, हेही याच काळात, बरं वाटत असताना ठरवा, पाळी आलेल्या रात्री नाही. किती खेपा, किती पैसे. दत्तकाचा विचार मनात असेल तर ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, पोर्टलवरची माहिती आत्ताच वाचून ठेवा. जोडप्याला किमान दोन वर्षांचं स्थिर वैवाहिक आयुष्य अशी अट आहे आणि प्रतीक्षा लांबलचक आहे. माहिती वाचली म्हणजे उपचारावरचा विश्वास उडाला असं होत नाही.

पाळी आली तर

आमची पद्धत अशी होती. तो दिवस गेलेला धरायचा. मी ऑफिसला शक्य असेल तर सुट्टी टाकायचे. संध्याकाळी नवरा गाडी काढायचा आणि आम्ही मस्तानी प्यायला जायचो, कारण चौदा दिवस गार नको, गोड नको करून मीच स्वतःला छळलेलं असायचं. टेबलावर उपचाराचा विषय बंद. एकदा तर आम्ही अर्धा तास फक्त शेजारच्या फ्लॅटच्या गळतीवर बोललो.

झोपण्याआधी मात्र एक गोष्ट लिहायची : या महिन्यात काय कळलं? ‘गोळीने अंडं वाढतं.’ ‘अडीच मिलिग्रॅमचा डोस पुरत नाही.’ ‘डावी बाजूही काम करते.’ अशी पाच-सहा वाक्यं झाली की फाईल डॉक्टरांइतकीच तुम्हालाही वाचता येते, आणि कोरा गेलेला महिना अगदीच कोरा उरत नाही.

दिवस मोजताना नुसता डाग धरायचा नाही, नीट अंगावर जायला लागलं तो पहिला. संध्याकाळी उशिरा सुरू झालं तर कुठला दिवस धरायचा ते क्लिनिकला विचारा, प्रत्येकाची रीत वेगळी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला फोन लावा, नऊनंतर लाईन लागत नाही.

‘हॅलो, आज माझा दुसरा दिवस.’

‘बरं. सोनोग्राफी आहे, उपाशी यायची गरज नाही. चहा-नाश्ता करून या, साडेनऊला घेते तुम्हाला. फाईल विसरू नका.’